चार टेबलांची आंतरराष्ट्रीय कंपनी

३ जानेवारी

सकाळी आमचे हे शटर अर्धंच वर करायचे. मी पुसलेली फरशी वाळेपर्यंत कुणी आत शिरू नये म्हणून. मग कॉफीचं मशीन चालू करायचे. ते तापायला वेळ लागायचा, तोवर मी चारही टेबलांवरच्या खुर्च्या खाली उतरवायची, साखरेच्या बरण्या भरायची, दाराची काच पुसायची. मशीन फुसफुसलं की हे पहिला कप काढून काउंटरच्या कडेला ठेवायचे. तो माझा. एका हातात फडकं, एका हातात कप, मी उभ्यानेच प्यायची. कडू, जरा करपट, घशात शेवटी ओरखडा काढणारी. ह्यांच्या हातची कॉफी. मग बादली उचलून बाहेरच्या पायऱ्या धुवायला जायची. माझ्या मागे हे दुसरा कप काढायचे आणि बशीने झाकून ठेवायचे. तो धाकट्या भावाचा. भावोजी उशिरा उठायचे, डोळे चोळत यायचे, बशी उचलायचे आणि आयती कॉफी ढोसायचे. पहिला मान माझा, दुसरा त्यांचा. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळपासून असंच. कधीकधी हे काहीतरी सांगायला तोंड उघडायचे, पण तोवर मी बादली घेऊन दाराबाहेर पडलेली असायची.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे भावोजी. मी पायऱ्या धूत होते आणि रस्त्यापलीकडून त्यांनी खूण केली. निळा एप्रन, छातीवर मॅनेजरचा बिल्ला, आणि हात असा पालथा केला, जसं काही भांडं उपडं करतायत. रोज करतात. अर्थ उघड आहे. तुमचं दुकान असं पालथं होणार, वहिनी.

मी बादलीतलं पाणी त्यांच्या दिशेने फेकलं. पोचलं नाही. रस्ता रुंद आहे.

सूड घ्यायचं ठरवलं आहे. आजपासून रोज लिहायचं, म्हणजे राग थंड पडणार नाही.

७ जानेवारी

रोज लिहायचं राहिलं. राग मात्र थंड पडलेला नाही.

कशाचा सूड ते लिहून ठेवते. भावोजी आमच्याच दुकानात शिकले. कॉफी, हिशोब, गिऱ्हाइकाशी बोलणं, सगळं ह्यांनी शिकवलं. मोठे झाल्यावर त्यांचं एकच पालुपद: दादा, आपण अजून एक दुकान काढू. हे म्हणायचे, चार टेबलं पुरेत रे, पाचवं आलं की मला माणसांचे चेहरे दिसत नाहीत. मग एक दिवस भावोजी त्या निळ्या कंपनीत नोकरीला लागले, जिची दुकानं म्हणे कितीतरी देशांत आहेत. आणि कंपनीने नवी शाखा उघडली ती कुठे, तर बरोब्बर आमच्या समोर. हे एका शब्दाने बोलले नाहीत. रोज सकाळी दारात उभे राहून समोर बघत राहायचे. हिवाळा आला आणि एका सकाळी काउंटर पुसता पुसता खुर्चीवर बसले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणतात हृदय आधीपासून अशक्त होतं. डॉक्टरांचं काय जातं बोलायला. हृदय कशाने गेलं ते मला ठाऊक आहे. निळं आहे, त्याच्यावर लाइट लागतात.

तर योजना अशी. वर्षभरात ती निळी पाटी खाली. भावोजी माझ्या दारात नोकरी मागायला येतील. मी नाही म्हणणार नाही. फडकं हातात देईन.

मुलीला सांगितलं. ती ऑफिसात जाते, तिला सगळं कळतं. म्हणाली, आई, त्यांच्या शेकड्याने शाखा आहेत. मी म्हटलं, आपली एक आहे, सुरुवात झाली म्हणायची. ती म्हणाली, तू जेवलीस का? हल्ली माझ्या प्रत्येक बोलण्याला तिचं हेच उत्तर असतं.

१० जानेवारी

हत्यार मिळालं. जुन्या पुस्तकांच्या गाडीवर. कव्हर फाटलंय, त्यामुळे लिहिणाऱ्याचं नाव कळत नाही, मी त्यांना साहेब म्हणते. साहेबांनी एका लहानशा दुकानापासून कॉफीची साखळी उभी केली, देशोदेशी नेली, ती कुठल्या तत्त्वांवर ते सगळं आत आहे. गाडीवाला म्हणाला, मावशी, हे मॅनेजमेंटचं आहे, स्वयंपाकाची त्या बाजूला. मी म्हटलं, तू पुस्तक दे, अक्कल राहू दे. शाळा माझी सातवीत सुटली, पण वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. वाणसामानाचे कागदसुद्धा मी वाचल्याशिवाय टाकत नाही.

पहिलं तत्त्व वाचलं आणि पुस्तक मिटून बसून राहिले. कप कुठल्याही शहरात उचला, चव तीच पाहिजे. साहेबांनी अख्खं साम्राज्य एका चवीवर बांधलं.

आणि आमची चव? हे गेल्यापासून रोज वेगळी. मीच करते ना, अंदाजाने. पण ह्यांची चव माझ्या जिभेवर आहे. ती परत आणायची. मग बघते निळ्यांकडे.

१५ जानेवारी

चव येत नाहीये. मशीन घासूनपुसून लख्ख, बिया रोज ताज्या दळते, तरी कॉफी येते ती मऊ, गोडसर, बुळबुळीत. शेजारचा किल्लीवाला रोज आमच्याकडेच पितो. आज डोळे मिटून म्हणाला, ताई, काय फक्कड झालीय. मी म्हटलं, फक्कड नकोय, ह्यांच्यासारखी हवीय, आण इकडे. कप सोडेना. ओढून घेऊन ओतून दिला.

१९ जानेवारी

सापडली!

काल संध्याकाळी कॉफी दळता दळता मुलीचा फोन आला. पूड ग्राइंडरमध्ये तशीच राहिली. सकाळी घाईत मशीनही धुतलं नाही, तसाच कप काढला. पहिला घोट, आणि मी काउंटर धरून उभी राहिले. तीच. तोच करपटपणा, घशात तोच ओरखडा. वाटलं, मागे वळले तर उभे असतील.

वळले नाही मी. जरा वेळ तशीच थांबले.

मग डोक्यात प्रकाश पडला. हे रोज दुकान बंद करताना ग्राइंडरमध्ये थोडी पूड ठेवूनच द्यायचे. मी मेली इतकी वर्षं त्याला आळस समजत होते. ते गुपित होतं! बायकोलाही न सांगितलेलं. याला म्हणतात धंदेवाईक माणूस.

आजपासून कंपनीचा नियम: पूड आदल्या दिवशी दळायची. मशीन सकाळी धुवायचं नाही. प्रत्येक कप असाच.

२१ जानेवारी

किल्लीवाल्याला नवी कॉफी दिली. प्याला, कपात डोकावला. मग म्हणाला, दमदार आहे. मग पाणी मागितलं. मग आणखी पाणी मागितलं. साहेब लिहितात, खरा ब्रँड गिऱ्हाइकाच्या आठवणीत रेंगाळला पाहिजे. दुपारपर्यंत रेंगाळली म्हणाला.

२ फेब्रुवारी

दुसरं तत्त्व, गिऱ्हाइकाला ओळख द्या, त्याच्या कपावर त्याचं नाव लिहा. मला नावं लक्षात राहत नाहीत, माणसं राहतात. म्हणून खुणेने लिहिलं. किल्लीवाल्याच्या कपावर किल्ली, तो खूश. विमा विकणारे गृहस्थ येतात त्यांच्या कपावर टक्कल लिहिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. बँकेतल्या बाईंच्या कपावर नवरा परगावी लिहिलं, तर सगळं दुकान त्यांच्याकडे वळून बघायला लागलं.

दोघंही परत आलेली नाहीत. साहेबांच्या भाषेत गिऱ्हाइकांची निवड सुरू झाली आहे.

८ फेब्रुवारी

शत्रूच्या गोटात जाऊन आले. पहिल्यांदाच. डोक्यावरून पदर घेतला होता, तरी भावोजींनी दारातच ओळखलं. धावत आले, वहिनी या, वहिनी बसा, काय घेणार. मी म्हटलं, कॉफीच्या दुकानात काय घेतात, पावशेर खिळे? खिडकीशी बसले. तिथून आमचं दुकान अख्खं दिसतं. किती लहान दिसतं.

त्यांची कॉफी तपासासाठी प्यावीच लागली. मऊ, गोडसर. घशात काही उरतच नाही. ह्यांनी असला कप माझ्यापुढे कधी ठेवला नसता.

पण खरी गंमत दाराशी आहे. तिथे एक पेटी ठेवलीय, तक्रारी आणि सूचनांची. कार्ड लिहायचं नि आत टाकायचं. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, ही कार्डं कोण वाचतं. म्हणाली, थेट हेड ऑफिसला जातात, आजी.

आजी!

तर शाखा अशी पाडायची. रोज एक तक्रार. हेड ऑफिस हैराण होऊन स्वतःच कुलूप लावेल. पहिलं कार्ड लिहिलं: खिडकीजवळचं टेबल डुगडुगतं, आणि काउंटरवरची मुलगी बायकांची वयं वाढवते.

११ फेब्रुवारी

टेबल डुगडुगायचं थांबलंय. मुलगी मला वहिनी म्हणाली. घाबरलेत. हल्ला वाढवते. आजचं कार्ड: साखरेचं फडताळ इतकं उंचावर की साखर घ्यायला जिराफ पाहिजे.

२० फेब्रुवारी

फडताळ खाली आणलं. मग मी लिहिलं की दाराची बिजागरी करकरते, तिला तेल दिलं. मग लिहिलं की दूध इतकं उकळता की त्याला भांड्याचा वास येतो. आज भावोजी स्वतः दूध तापवायच्या मुलाशेजारी उभे होते, सांगत होते, थांबव, आता थांबव, माझी वहिनी बघतेय.

बघणारच.

रोज जायला लागते, त्यामुळे आमचं दुकान तेवढा वेळ बंद ठेवावं लागतं. युद्धात असं चालायचंच.

४ मार्च

साहेब म्हणतात, नोकरांना नोकर म्हणू नका, भागीदार म्हणा, त्यांच्याबरोबर मीटिंग घ्या. रविवारी मुलीला बसवून मीटिंग घेतली. मी अध्यक्ष. विषय, कंपनीची पुढची दिशा. मुलगी म्हणाली, आई, मला एक सांगायचंय. मी म्हटलं, भागीदारांनी हात वर करून बोलावं. तिने हात वर केला. म्हणाली, दुकानात माणूस नाही, मी आत्ता तासभर बसलेय, एक आला तो सुट्टे मागायला. मोबाइलवाला जागा भाड्याने मागतोय. जून संपेपर्यंत बघू, नाही जमलं तर दुकान देऊन टाकू. बाबांचा जीव होता त्याच्यात मला माहीत आहे, पण तुझा जीव जायला नको.

बोलताना तिचा हात वरच राहिला होता. मी तो खाली घेतला.

ह्यांचं मशीन उचलून तिथे मोबाइलची कव्हरं टांगणार. जून संपेपर्यंत. ठीक. भागीदार घाबरला म्हणून अध्यक्षाने घाबरायचं नसतं. पुस्तकात अडचणींवरचा धडा आहे, त्यात साहेब म्हणतात, देशात जागा अपुरी पडली की परदेशाकडे बघा.

५ मार्च

परदेशाकडे बघितलं. तिथे माझी धाकटी बहीण आहे.

लग्न झाल्यापासून ती दुसऱ्या देशात असते. तिला फोन करून कळवलं की तुझं स्वयंपाकघर आजपासून आमची पहिली परदेशी शाखा. ती म्हणाली, ताई, तुला बरं वाटतंय ना? पुडीचं पार्सल पाठवलं, सोबत सूचना: पूड रात्रभर उघडी ठेवणे, भांडं न धुणे, शेजारपाजाऱ्यांना बोलावून पाजणे.

आज मुलीला कळवलं की कंपनी आंतरराष्ट्रीय झाली. ती म्हणाली, तू जेवलीस का?

२८ मार्च

परदेशातून फोन. पूड संपली, अजून पाठव म्हणते! तीन आठवड्यांत माल खलास! निळ्यांनासुद्धा एवढी मागणी नसेल. दुप्पट पाठवली.

१६ एप्रिल

परत मागणी. या वेळी खोदून विचारलं, कुणाला आवडते एवढी, शेजारणीला का? बहीण आढेवेढे घ्यायला लागली. मग म्हणाली, रागावू नकोस ताई, आम्ही एक एक कप प्यालो, ह्यांना रात्रभर उचक्या लागल्या. पण गुलाबाच्या कुंड्यांत घातली ना, अगं काय फुललेत, शेजारीणसुद्धा मागायला आली.

मी पुस्तक उघडून बसले. साहेबांनी यावर पूर्ण प्रकरण लिहिलंय. एकाच मालाचे अनेक उपयोग. मोठमोठ्या कंपन्या त्यासाठी माणसं नेमतात.

परदेशी शाखेला पूड पाठवणं सध्या थांबवलं आहे.

६ मे

फितुरी.

कुलपाची जास्तीची किल्ली करून घ्यायला किल्लीवाल्याकडे गेले. किल्ली घासायच्या मशीनमागे काहीतरी निळं दिसलं. हात घालून काढलं तर समोरच्यांचा कप. कोमट. किल्लीवाला पांढराफटक पडला. मी म्हटलं, कधीपासून? म्हणाला, ताई, फेब्रुवारीपासून. मग म्हणाला, पोटाचं दुखणं आहे. मग म्हणाला, तुमची कॉफी वाईट नाही हो, मीच कमी पडतो. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मग हळूच म्हणाला, खिडकीत तुम्ही दिसता रोज, म्हणून मी मागच्या दाराने जातो.

मी तपासासाठी जाते, तू चवीसाठी जातोस, फरक आहे, असं त्याला ठणकावलं. कप परत मशीनमागे ठेवला. का ठेवला कोण जाणे. टाकायला पाहिजे होता.

दुकानात येऊन माझा कप काढला आणि सगळा प्याले. मला तरी आवडते. ह्यांना कळलं पाहिजे की मला आवडते.

२९ मे

हे लिहायला हात धजत नाही.

सकाळी समोर गेले तर दारावर फुगे. भिंतीवर भला मोठा फलक, सर्वोत्तम शाखा. गिऱ्हाइकांच्या सूचनांवर सर्वांत चांगलं काम केल्याबद्दल. आणि फलकाखाली काचेच्या चौकटीत कार्डं. माझी. टेबल, जिराफ, दूध, सगळी. माझ्या अक्षरात. हेड ऑफिसने ती म्हणे सगळ्या शाखांना वाचायला पाठवली. काउंटरवरच्या मुलीने मला मिठी मारली. म्हणाली, वहिनी, तुमच्यामुळे झालं हे. लोक टाळ्या वाजवायला लागले. किल्लीवालाही त्यांच्यात होता, मला बघून टेबलाखाली वाकला.

माझा कप आला. कपावर वहिनी असं लिहिलेलं, आणि बाजूला छोटं फूल काढलेलं.

मी नवीन कार्ड लिहिलं: फुगे फार आहेत. दुसरं काही सुचेना.

१२ जून

आणखी ऐका. भावोजींना बढती. कंपनी त्यांना परदेशात पाठवतेय, नव्या देशात नव्या शाखा उघडायला. निळी पाटी राहणार, भावोजी जाणार. वर्षाच्या शेवटी माझ्या दारात फडकं मागायला यायचं कुणी मग?

माझ्या कार्डांवर परदेशी निघालेत. आणि माझी परदेशी शाखा गुलाबाला घातली.

मुलगी म्हणाली, काका निघायच्या आधी तुला भेटायला येणार आहेत, नीट बोल. मी म्हटलं, अगदी नीट बोलणार आहे. भाषण लिहायला घेतलं आहे.

१८ जून

भाषण पाठ झालं. आरशासमोर दोनदा म्हटलं. सुरुवात अशी: भावोजी, ज्या हातांनी तुम्हाला कप धरायला शिकवलं, त्या हातांचं तुम्ही काय केलंत? इथे थांबायचं. ते खाली मान घालतील. मग पुढे.

त्याआधी त्यांना कॉफी द्यायची, ह्यांच्या चवीची. घोटाबरोबर सगळं आठवू दे. मग भाषण.

मोबाइलवाला आज फीत घेऊन मापं काढून गेला. फीत माझ्या काउंटरवर ठेवून फोनवर बोलत होता. मी ती खाली ढकलली.

२१ जून

भावोजी आले होते. साधा शर्ट, एप्रन नाही. केस पिकलेत कानावर, रस्त्यापलीकडून दिसत नव्हते. बसा म्हटलं तर उभेच राहिले, ह्यांच्या खुर्चीकडे बघत.

कप पुढे ठेवला. त्यांनी घोट घेतला. थांबले. वास घेतला. परत घोट घेतला. मी मनात भाषणाची पहिली ओळ धरून तयार.

म्हणाले, वहिनी, हा दादाचा पहिला कप.

मी म्हटलं, मग! कुणाला जमली नाही ती मला जमली.

म्हणाले, तसं नाही वहिनी. हा ओतून द्यायचा कप आहे.

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं, मशीनवर हात ठेवून. रात्रभर मशीन गार असतं. ग्राइंडरच्या तोंडात कालची पूड अडकून राहते. सकाळचा पहिला कप त्या शिळ्या पुडीचा, पाइपातल्या शिळ्या पाण्याचा. तो काढायचा आणि मोरीत ओतायचा, म्हणजे मशीनचं तोंड धुऊन निघतं. कॉफी करणारी सगळी माणसं हेच करतात, समोर आम्हीही करतो. दादा तर कधी चुकायचा नाही. तुमचं लग्न झालं, त्या पहिल्या सकाळी दादाने तो ओतायला म्हणून कडेला ठेवला होता, आणि तुम्ही उचलून प्यालात. तो अगं अगं करेपर्यंत संपवलात. वर म्हणालात, असली कॉफी मी जन्मात प्याले नाही.

म्हणाले होते मी. खोटं नव्हतं ते. त्याआधी कॉफीच प्याले नव्हते.

भावोजी म्हणाले, दादा मला म्हणाला, उद्या सांगतो तिला. दुसऱ्या दिवशी तुम्ही गिऱ्हाइकांना सांगत होतात, ह्यांच्या हातची कॉफी म्हणजे काय. मग कसं सांगणार? म्हणून दुसरा कप चांगला काढायचा आणि बशीने झाकून ठेवायचा, पायऱ्या धुऊन आली की देतो म्हणायचा. पण तुम्ही पायऱ्यांवरून तशाच मागच्या दाराने घरात जायचात, मुलगी झाल्यावर तर थांबायचातच नाही. कप गार व्हायला लागायचा. मी आलेला असायचो. मग मला म्हणायचा, पी बाबा तू, चांगली कॉफी वाया नको जायला.

म्हणजे माझा कप इतकी वर्षं भावोजी पीत होते!

तेवढं मी बोलले. भाषणातलं काही आठवेना. मग विचारलं, आणि रोज सकाळी हात पालथा करून आमचं दुकान उपडं व्हायची खूण करता ती? ते बघतच राहिले. म्हणाले, उपडं? वहिनी, ती दादाची खूण. मी समोर लागलो तेव्हा दादाच म्हणाला होता, जा, इथे चार टेबलांत तू मावत नाहीस. रोज सकाळी दारात उभा राहून मला विचारायचा, असा हात करून, पहिला कप ओतलास का? मी तिकडून हात करायचो, ओतला. तो गेल्यावर दारात तुम्ही दिसायला लागलात. हात आपोआप व्हायचा.

मी तेव्हा घरात असायची. तिथून मला हे फक्त पाठमोरे, समोर बघताना दिसायचे.

भावोजींनी कप उचलला. मी म्हटलं, ठेवा तो, ओतायचाच आहे ना. म्हणाले, तुम्ही रोज प्यालात, मला एक पिता येणार नाही? तळाशी येईपर्यंत प्याले. तोंड वाकडं झालं होतं, ते मी नीट बघून घेतलं. मग सवयीने खिळ्यावरचं ह्यांचं फडकं काढलं आणि कपाचा डाग पुसला. मग सगळं काउंटर पुसलं.

भावोजींनी माझ्या दुकानात फडकं हातात घेतलं. ही नोंद राहू दे.

जाताना पायरीवर थांबून म्हणाले, वहिनी, तुमच्या हातची कॉफी जानेवारीत चांगली होती, किल्लीवाला सांगायचा. मग रस्ता ओलांडून गेले. पलीकडे पोचल्यावर मागे वळले, पण हात केला नाही. दोन्ही हात एकमेकांत धरून उभे होते.

मीच केला. पालथा.

२२ जून

सकाळी शटर अर्धं वर केलं. फरशी पुसली, खुर्च्या उतरवल्या. मशीन धुतलं, बिया ताज्या दळल्या. किल्लीवाला दारातून वाकून बघत होता, त्याला म्हटलं, थांब जरा, तिसरा तुझा.

पहिला कप मोरीत ओतला. दुसरा काढला, बशीने झाकून ठेवला आणि पायऱ्या धुवायला गेले. धुऊन घरात गेले नाही, दुकानात परत आले. बशी उचलली. ह्यांच्या खुर्चीवर बसले आणि प्याले.